बातमीच्या तीन दिवस आधी

वॉर्सा, ३ मार्च १९९७

प्रिय राडिम,

तुझी चौथी फ्लॉपी मिळाली. प्रागचे चार वर्षांचे रोजचे भाव आता माझ्याकडे पुरे झाले. वॉर्साचे सहा वर्षांचे आधीच होते. म्हणजे सप्टेंबरात क्राकूव्हच्या परिषदेत आपण दोघं हेच्को चुलत भावंडं, ओल्झा नदीवरच्या पुलाच्या अलीकडची, पोलिश मी आणि पलीकडचा, चेक तू, एका कागदावर सह्या करून उभे राहणार. आजोबा असते तर म्हणाले असते, आपलं गाव चिरून सीमा आखणाऱ्यांना जमलं नाही ते शेअर बाजाराने केलं!

आधी आमचं सांगते. आमचा बाजार कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयात भरायला लागला तेव्हा कंपन्या पाच आणि आठवड्यातून व्यवहाराचा दिवस एक. पहिली दोन वर्षं बाजार अगदी भोळा. आज भाव चढला तर पुढच्या खेपेला चढणारच, असं दहातल्या सात वेळा दिसतं. म्हणजे कुणालाही कालचा भाव बघून उद्या पैसे करता आले असते. पुढे दर वर्षी हे कमी होत गेलं. गेल्या वर्षी कालच्या भावावरून उद्याचं काहीच ओळखता येत नाही. पोर शहाणं झालं.

तुमचा बाजार मात्र एका रात्रीत हजार कंपन्या घेऊन जन्मला आणि तिथेच बसला. चार वर्षांत फारसा शिकलेला दिसत नाही. हे अपेक्षित होतं.

अपेक्षित नव्हतं ते पुढे आहे. तू निवडलेल्या चौदा चेक कंपन्यांच्या जाहीर घोषणा घेऊन मी पाहिलं, बातमी आल्यावर भाव किती दिवसांत जागेवर येतो. तेरा कंपन्यांना आठवडा ते दोन आठवडे लागतात. नववी, क्रुशिना काचकारखाना, तिला उणे तीन दिवस लागतात. चार वेळा वाईट बातमी आली, चारही वेळा गुरुवारी. आणि चारही वेळा भाव सोमवारी पडला.

एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. तारखा तपास. तारखा बरोबर असतील तर सोमवारी विकणारा कोण, ते शोध.

ऑगुस्टिनकाकांना नमस्कार. आमच्या सूनबाईंना, मिलाडाला, आशीर्वाद.

तुझी ताई,
उर्शुला

*

प्राग, १९ मार्च १९९७

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी आमच्या संशोधन संस्थेत जाहीर केलं की युरोपातला सर्वांत कार्यक्षम बाजार आमचाच. तुमचा बाजार बातमीची वाट बघत बसतो, आमचा तेवढाही वेळ घालवत नाही!

गंमत सोड. तारखांचाच घोळ असणार. घोषणा कंपनीच्या फाटकावर आधी लागते, छापून नंतर येते. शिवाय आमच्याकडे निम्म्याहून जास्त व्यवहार बाजाराच्या बाहेर, दोघांच्यात परस्पर होतात. त्यांचे भाव उशिरा आणि कसेही नोंदले जातात. चौदातली एक कंपनी वगळली तर निष्कर्ष बदलत नाही. क्रुशिना काढून टाक. तेरा हा आकडा अशुभ वाटत असेल तर तुला दुसरी एखादी साखर कारखान्याची पाठवतो.

तेशिनला बाबा मजेत आहेत. गुडघा दुखतो म्हणतात आणि रोज पुलावरून तुमच्या पोलिश बाजूला जाऊन स्वस्त लोणी आणतात. मिलाडा बरी आहे. फंडाच्या कचेरीतलं काम तिला मानवलंय, पगार वेळेवर होतो.

राडिम

*

वॉर्सा, २ एप्रिल १९९७

राडिम,

तुझ्या शब्दावर विसंबले नाही, राग मानू नकोस. इथल्या ग्रंथालयात तुमची दोन वर्तमानपत्रं येतात. दोन दिवस बसून चारही घोषणा काढल्या. फाटकावर कागद लागला तोही गुरुवारीच, बातमीत तसं स्पष्ट लिहिलंय. तारखांचा घोळ नाही.

आता दुसरं. मिलाडा कुठल्या फंडाच्या कचेरीत? नाताळात भेटलो तेव्हा ती नगरपालिकेत टायपिस्ट होती. मी काकांना विचारलं. त्यांनी लिहिलं, "यासान फंडात. माझी सरकारी शेअरांची कूपनवहीही तिथेच आहे, राडिमनेच सांगितलं होतं तिथे टाका म्हणून." आणि क्रुशिनाचा सर्वांत मोठा भागधारक कोण, तर यासान फंड.

मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारते. बत्तीस वर्षं मी आकड्यांना विचारत आले, माणसाला विचारायची वेळ आली की जीभ जड होते. पण तू मला लहानपणी ओल्झा नदीत ढकललंस तेव्हाही "पाय घसरला असेल" असंच म्हणाला होतास. त्या सुराची मला ओळख आहे.

सरळ उत्तर दे.

उर्शुला

*

प्राग, २१ एप्रिल १९९७

ताई,

क्रुशिनाचं नाव निबंधात येता कामा नये. तळटीपेतही नाही. निबंधावर माझीही सही आहे, तेव्हा मला एवढं म्हणायचा हक्क आहे.

तुमच्याकडे बाजारावर नजर ठेवणारं कार्यालय पहिल्या दिवसापासून आहे. तिथे प्रश्न विचारला की उत्तर येतं. इथे कुणाला विचारायचं ते मला ठाऊक नाही, आणि विचारणाऱ्याचं काय होतं तेही नाही. वॉर्सात बसून शूर होणं सोपं आहे.

घरच्या पत्त्यावर लिहू नकोस. फोन तर मुळीच करू नकोस. अगदीच लिहायचं झालं तर बाबांकडे लिही.

रा.

*

वॉर्सा, १२ मे १९९७

राडिम,

तीन आठवडे विचार केला. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात कुठेही "तसं नाही, ताई" हे तीन शब्द नाहीत.

काका लिहितात की तुझ्या दारात नवी गाडी उभी आहे. संस्थेच्या पगारात ती येत नाही, हे मोजायला मला शास्त्र लागत नाही. सोमवारी क्रुशिना विकणारा कुणीतरी गुरुवारची बातमी जाणतो. तुझी बायको त्या कारखान्याच्या सर्वांत मोठ्या भागधारकाच्या कचेरीत टाइप करते. आणि तू मला म्हणतोस, नाव वगळ.

तुझे वडील चाळीस वर्षं भट्टीपुढे उभे राहिले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हजार क्राउन देऊन "मालक" व्हायचं ठरवलं आणि तुझ्यावर विश्वास ठेवून वही तिथे टाकली. तो फंड आता निम्म्या किमतीचा आहे. त्यांच्यासमोर बसून तू सूप कसं पितोस?

मी तुझं नाव निबंधावरून काढते आहे. क्रुशिनाचा तक्ता मी वाचणार. आणि सप्टेंबरची वाटही बघणार नाही. ब्रनोच्या एका साप्ताहिकाचा संपादक माझ्या ओळखीचा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर तक्ता त्याच्याकडे जाईल.

उर्शुला

*

प्राग, २६ मे १९९७

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी बाबांकडे जाणार आहे. ते नेहमीसारखे लोणी आणायला पूल ओलांडतील आणि तुमच्या बाजूच्या पेटीत टाकतील. पाकिटं वाफेवर उघडली जायची ते दिवस संपले म्हणतात, पण माझा हात अजून विश्वास ठेवत नाही.

तसं नाही, ताई. घे, लिहिले तीन शब्द.

यासानचा प्रमुख हाव्रानेक क्रुशिनाच्या संचालक मंडळावरही आहे. तोट्याची बातमी त्याला आधी कळते. त्याच्या मेहुण्याच्या नावावर क्रुशिनाचे पुष्कळ शेअर होते. दर खेपेला सोमवारी मेहुणा विकतो. घेतो कोण? यासान फंड. बाबांच्या आणि त्यांच्यासारख्या साठ हजार लोकांच्या पैशाने. ढीग एवढा मोठा असतो की फंडाने उचलूनही भाव घसरतो. तेच तुला दिसलं. गुरुवारी बातमी फुटते, तोवर नुकसान कूपनवाल्यांच्या गळ्यात पडलेलं असतं.

सोमवारचा हुकूम आणि गुरुवारची घोषणा, दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच दिवशी टाइप होतात. टाइप करते मिलाडा. डिसेंबरअखेर ती तिथे लागली आणि महिन्याभरात तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती प्रत्येक कागदाची एक जास्तीची कार्बन प्रत विणकामाच्या पिशवीतून घरी आणते. जुन्या तीन खेपांचे कागदही तिने कपाटातून काढून उतरवून घेतलेत. पाचवी खेप जूनअखेर आहे. मेहुण्याचा शेवटचा मोठा ढीग. त्या सोमवारी सकाळीच आम्ही सरकारी वकिलाकडे जाणार आहोत, म्हणजे व्यवहार होता होता हाती लागेल.

तोपर्यंत कुणाला वास लागता कामा नये. ते कागद बघणारी माणसं त्या कचेरीत तीनच आहेत, त्यातला एक हाव्रानेक. गेल्या महिन्यात त्याने मिलाडाला सहज विचारलं, "तुमच्या यजमानांच्या कुणी नातेवाईक वॉर्सात शिकवतात ना?"

गाडी मिलाडाच्या आईची आहे. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही म्हणून ती आम्ही चालवतो.

तुला हे आधीच सांगायला हवं होतं. तू गप्प बसणाऱ्यांतली नाहीस, म्हणून घाबरलो. तक्ता अजून महिनाभर ठेव. फक्त एक महिना.

राडिम

*

वॉर्सा, १७ जून १९९७

राडिम,

तुझं पत्र काल, सोळा तारखेला माझ्या हातात पडलं. पाकिटावर शिक्का बारा तारखेचा आहे. काका आजारी होते का? की कोटाच्या खिशात राहिलं? आता विचारून काय उपयोग.

तक्ता मी सहा तारखेला पाठवला. बारा तारखेच्या अंकात तो छापून आला. काचकारखान्याचं नाव, फंडाचं नाव, चारही सोमवार, चारही गुरुवार. संपादकाने वर मथळा दिलाय, "भावाला आधीच कसं कळतं?" मला त्या मथळ्याचा अभिमान वाटला होता. अंक वर्गात नेऊन विद्यार्थ्यांना दाखवला होता.

काल रात्रीपासून तुझ्या घरचा फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही. तार केली, उत्तर नाही. संस्थेत फोन केला तर म्हणाले, हेच्को रजेवर आहेत.

मी आयुष्यभर सांगत आले की आकडे खोटं बोलत नाहीत. ते बोललेही नाहीत. सोमवारी कुणीतरी विकलं एवढंच ते सांगत होते. विकणारा तू आहेस, हे वाक्य माझं होतं.

मिलाडा कुठे आहे? एक ओळ लिही. शिव्या लिही, पण लिही.

उर्शुला

*

चेस्की तेशिन, १४ जुलै १९९७

उर्शुला,

लिहायची मला सवय नाही. थोडक्यात सांगतो.

मी आजारी नव्हतो. पत्र खिशातही राहिलं नाही. राडिमने पाकीट दिलं तेव्हा त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हे पोरगं काहीतरी कबूल करतंय आणि पुढे पस्तावेल. म्हणून दहा दिवस घड्याळामागे ठेवून दिलं. भलं करायला गेलो. तेव्हा सगळा दोष एकटीने घेऊन बसू नकोस, त्यातला निम्मा माझा.

अंक निघाला त्याच दुपारी मिलाडाला कामावरून काढलं. पिशवी उपसून बघितली, त्यात लोकर आणि अर्धा स्वेटर निघाला. संध्याकाळी दोघंजण घरी येऊन राडिमशी गोड बोलून गेले. गोड बोलणं मी पन्नास साली गुप्त पोलिसांकडून ऐकलंय, ते कसं असतं मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी राडिम आणि मिलाडा इकडे आली. हाव्रानेकची कपाटं रिकामी झाली असं तिच्या मैत्रिणीने कळवलं. पाचवी खेप झालीच नाही. सरकारी वकील म्हणतो, मूळ कागद नाहीत, नुसत्या कार्बन प्रती आहेत, त्या बाईने घरी बसूनही केल्या असतील.

नदी चढली होती. आठवडाभर पूल बंद होता, म्हणून हे पत्रही उशिरा. तळघरात कमरेइतकं पाणी. प्रती माळ्यावर आहेत, कोरड्या आहेत.

राडिम तुझं नाव काढत नाही. मिलाडा काढते.

ऑगुस्टिन

*

चेस्की तेशिन, ९ ऑगस्ट १९९७

उर्शुलाताई,

तुम्ही राडिमला पाच पत्रं पाठवलीत. क्षमा मागणारी. त्याने ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "तूच ठरव." म्हणून मी लिहिते.

तुम्ही भावंडं महिनोन्‌महिने माझ्याविषयी एकमेकांना लिहीत होतात. ती चोर की ती बिचारी. मला कुणी विचारलं नाही. तेव्हा आता माझं ऐका.

राडिमने तुमच्यासाठी चौदा कंपन्यांची यादी केली त्यात क्रुशिना नव्हती. त्याच्या यादीत नववी होती कसलीशी कागद गिरणी. फेब्रुवारीत ती यादी स्वच्छ टाइप करून द्यायला त्याने मला सांगितलं. मी कागद गिरणी काढली आणि काचकारखाना घातला. फ्लॉपीवरचे भावही बदलून घेतले. त्याने बघितलंच नाही, आणि तुमचं पत्र आल्यावर ती आपणच निवडली असेल असं समजला. माझ्या कामात चूक नसते म्हणून माझं कुणी तपासत नाही, हाव्रानेकही नाही.

नुसत्या टायपिस्टवर कोण विश्वास ठेवणार? पण परदेशातल्या एका प्राध्यापक बाईंना, काहीही न सांगता, केवळ भावांवरून तेच चार सोमवार सापडले तर? मला पाहिजे होतं की तुम्हाला ते सापडावं. राडिमला हे मी परवा सांगितलं. तो उठून नदीवर गेला आणि अंधार पडायच्या आत परतला. अजून माझ्याशी धड बोलत नाही.

फक्त तुम्ही इतक्या लवकर छापाल असं वाटलं नव्हतं. तो माझा हिशोब चुकला.

पण सरकारी वकील म्हणतो ना, प्रती घरी बसून केल्या असतील? तुमचा तक्ता माझ्या प्रतींशेजारी ठेवा. तक्ता करताना तुम्ही प्रती पाहिल्या नव्हत्या आणि प्रती काढताना मी तुमचा हिशोब पाहिला नव्हता. तरी तारखा जुळतात. हे न्यायालयाला सांगायला तुम्ही याल का? क्राकूव्हला निबंध वाचताना नाव गाळू नका. आणि राडिमचं नाव परत लिहा.

मी घाबरलेली आहे. हे वाचून मला शूर समजू नका.

मिलाडा

*

क्राकूव्ह, १९ सप्टेंबर १९९७

मिलाडा,

काल निबंध वाचला. लेखक उर्शुला हेच्को आणि राडिम हेच्को. राडिम शेवटच्या रांगेत येऊन बसला होता. त्याने येणार असं कळवलं नव्हतं.

वॉर्साची सहा वर्षं दाखवली तोवर सगळे माना डोलवत होते. मग प्राग. मग क्रुशिना. प्रागहून आलेले एक करड्या सुटातले गृहस्थ उठले आणि म्हणाले, "बाई, एका कंपनीवरून एका देशाला बदनाम करता?" मी म्हटलं, देशाला कोण बदनाम करतंय? दोन्ही बाजारांत सारखेच लोभी आणि सारखेच साधे लोक आहेत. एवढंच की आमच्याकडे बातमी सगळ्यांना एका वेळी सांगावी लागते. त्यांनी विचारलं, "हे आकडे निवडले कुणी?"

तुझं नाव घेऊ की नको? तेवढ्यात मागून राडिमचा आवाज आला. "माझ्या बायकोने. आणि ती साक्ष द्यायला तयार आहे."

बाहेर आल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. तो म्हणाला, "ताई, मला तुम्हा दोघींचाही राग आहे." मी म्हटलं, असू दे. त्याने माझ्या हातातला तिळाचा गोल पाव मोडून अर्धा घेतला आणि खाल्ला.

मी येते आहे. तारीख कळव.

उर्शुला

*

प्राग, २७ नोव्हेंबर १९९७

ताई,

काल तू गाडीत बसलीस आणि त्यानंतर जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लगेच लिहितो.

वकिलांनी सांगितलं की खटला उभा राहील. तुझा तक्ता आणि तिच्या प्रती दंडाधिकाऱ्याने शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्वतः बोट ठेवत एकेक तारीख वाचली, ते तू पाहिलंसच. पण निकालाला वर्षं लागतील, आणि मेहुणा तर सायप्रसला पोचलाय. बाबांच्या वहीचे पैसे परत येणार नाहीत, हे वकिलांनी त्यांना तोंडावर सांगितलं. बाबा म्हणाले, "ते मी केव्हाच सोडले. मला फक्त कुणी उचलले ते लेखी पाहिजे."

मिलाडाला अजून नोकरी नाही. दोन कचेऱ्यांनी तिचं नाव ऐकून जागा भरली म्हणून सांगितलं.

तू गेल्यावर आम्ही कोर्टाच्या वरच्या मजल्यावर तिच्या जबानीवर सही करायला परत गेलो. जिन्यात हाव्रानेक समोरून उतरत आला. बरोबर त्याचे दोन वकील. मला वाटलं, तो मान फिरवून जाईल. तो थांबला, टोपी काढली आणि अगदी जुन्या साहेबासारखा हसला.

"मिलाडाबाई, साडेपाच महिने माझ्याकडे होतात. तुमच्या कामात मला एकदाही चूक सापडली नाही."

"कोर्टातही सापडणार नाही," ती म्हणाली.

तो खाली गेला. त्याच्या बुटांचा आवाज बंद होईपर्यंत ती ताठ उभी होती. मग तिथेच पायरीवर बसली. लोक आमच्या बाजूने वर-खाली जात होते. मीही तिच्या शेजारी बसलो. ऑगस्टपासून आम्ही इतके जवळ बसलो नव्हतो.

राडिम